खिशातला भुसा

ता. ८ मार्च

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कचेरीतली एक मुलगी काल रोजगाराची पाहणी करायला आमच्याकडे आली होती. नात्यातल्या घरी तुला पाठवत नाहीत हे ऐकून तुझी वहिनी हिरमुसली. गेल्या सात दिवसांत निदान एक तास काम केलं का, असं मुलीनं विचारलं. वहिनी दारातच उभी. मी ठोकून दिलं, सहा दिवस, रोज आठ तास!

आता खरं सांगतो. जानेवारीपासून फर्निचरच्या कारखान्यानं मला बोलावलेलंच नाही. आधी कायम होतो, मग कंत्राटावर, मग बोलावतील त्या दिवशी, आता तेही नाही. तरी रोज डबा घेऊन निघतो आणि तळ्याकाठच्या बाकावर बसतो. पाण्यावर ऊन हलत असतं. डोळा लागला की रंधा मारल्याचा आवाज येतो, ओल्या लाकडाचा वाससुद्धा येतो. जागा होतो तेव्हा दिवस भरल्यासारखं वाटतं. वहिनीला कळू देऊ नकोस. तिच्या नजरेतून उतरायची मला फार भीती वाटते.

तुझा,
दादा

ता. १६ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून रडू आलं, रागही आला. आम्ही दर तीन महिन्यांनी त्याच घरी जातो, कारण काम एका दिवसात जात नाही, हळूहळू सुटत जातं. एका भेटीत ते दिसत नाही. आणि तू अशा थापा मारल्यास की आमच्या तक्त्यात सगळं आलबेल!

शाळा बुडवून तळ्यावर जायचास तेव्हा मीच तुला पाठीशी घालायचे. माझी नोकरीही सहा-सहा महिन्यांच्या मुदतीवर चाललीय, तेव्हा मी कसलं शहाणपण शिकवणार! पण जूनमध्ये ती मुलगी पुन्हा येईल. तेव्हा खरं सांग, वहिनीसमोर सांग. तब्येत सांभाळ, बाकावर ऊन लागू देऊ नकोस.

तुझीच,
मनी

ता. ११ जून

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद.

काल मुलगी आली. तोच प्रश्न, वहिनी तशीच दारात. मी म्हणालो, एक तासही नाही, जानेवारीपासून नाही. वहिनीकडे पाहायची छाती झाली नाही.

तीच बोलली, पण त्या मुलीशी. जानेवारी खोडून चौदा डिसेंबर लिहा म्हणाली. शर्ट धुण्याआधी ती खिसा झटकते. पूर्वी रोज भुसा निघायचा, मग आठवड्यातून चारदा, मग दोनदा. चौदा डिसेंबरनंतर चिमूटभरही नाही. सहा महिने सगळं ठाऊक असून ती रोज डबा भरत होती. का, असं मी नंतर विचारलं. डबा घेऊन निघताना माझा चेहरा बरा दिसायचा, म्हणाली. मनी, मी तिच्यासमोर लहान मुलासारखा रडलो.

आज तिनं दोघांचा डबा भरला. बाकावर तिच्या शेजारी मला डुलकी लागली, पण रंध्याचा आवाज काही आला नाही. तिनं हलवून उठवलं आणि विचारलं, काम शोधायला आधी कुणाकडे जायचं.

लोभ आहेच, आणि तो वाढवायला सध्या वेळही पुष्कळ आहे.

तुझा,
दादा