मोरचुदाचं पाणी

सोमवार, ता. ३

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

करवतीने तुमचे कान नेले, फोनवर काही पोचत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. आपल्या वखारीचा भुसा आणि ढलप्या पहिल्यांदाच आमच्या टाकीत पडल्या. लाकूड आम्ही वाफेवर शिजवतो, मग संशोधक बाई त्यात बुरशीपासून काढलेलं एन्झाइम घालतात. त्याने लाकडाची साखर होते आणि साखरेचं पुढे इंधन. या वेळी तीन दिवस ढवळूनही साखर उतरली नाही. तापमान मी दर तासाला लिहिलंय, दोनदा तपासलंय. सगळे म्हणतात, बाईंचं एन्झाइमच कुचकामी. बाई हल्ली जेवणाचा डबा न उघडता घरी नेतात. लाकडात काही कमीजास्त झालं होतं का, तेवढं कळवावं.

आईस नमस्कार. लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नये.

आपला,
मुलगा

शुक्रवार, ता. ७

चि. मोजपट्टीस अनेक आशीर्वाद.

आई विचारते, जेवतोस तेही दर तासाला लिहितोस का? लाकडाची काळजी मला शिकवू नकोस. ढीग महिनाभर उघड्यावर होता. त्याला बुरशी धरली असती तर तिथे तुझी मान खाली गेली असती, म्हणून दोनदा मोरचुदाचं पाणी मारलं. चाळीस वर्षांत माझ्या लाकडाला बुरशी शिवलेली नाही. पुढची गाडी येत्या शुक्रवारी निघेल, तो मालही तसाच चोख आहे.

प्रकृतीस जप. माया आहेच.

बाबा

मंगळवार, ता. ११

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र काल मिळालं. बाबा, मोरचुदात तांबं असतं. त्याने बुरशी मरते, तसं हे एन्झाइमही निकामी होतं. बाईंनीच एकदा फळ्यावर लिहून समजावलं होतं. शनिवारी दुपारी साहेब त्यांचं काम बंद करणार. आज बाईंनी टेबलाचा खण रिकामा केला. त्यात माझं एक पेन निघालं, ते पुसून परत दिलं. मला वर बघवेना.

सांगितलं तर आपला माल कायमचा बंद होईल, वखारीतली दोन माणसं घरी बसतील आणि भेसळीचा ठपका तुमच्यावर येईल. तुमची परवानगी असेल तर सांगतो. उत्तराची वाट पाहतो.

माझ्यावरचा लोभ ढळू देऊ नये.

आपला,
मुलगा

शुक्रवार, ता. १४

चि. मोजपट्टीस आशीर्वाद.

पत्र आज आलं. टपालाने उत्तर पाठवलं असतं तर तुला सोमवारी मिळालं असतं आणि शनिवार मध्येच उरकला असता. मिनिटं मोजणारा तू, तुला हे कळलं नाही असं मला कुणी सांगू नये. परवानगी नाही मागितलीस, उशीर मागितलास. माझ्यासाठीच मागितलास, म्हणून जास्त लागलं.

माल उतरवून घेतला. गाडी रिकामीच पाठवतोय, उद्या सकाळी पोचेल. ड्रायव्हरकडे दोन कागद आहेत. एकात मोरचूद किती आणि केव्हा मारलं ते लिहून सही केलीय. तो आधी बाईंच्या हातात द्यायचा, मग हा तुला, असं बजावलंय. म्हणजे तू हे वाचतोयस तेव्हा त्यांना माझं कळलंय. तुझं अजून कळायचंय. आत्ता ऊठ आणि त्यांच्यापुढे जाऊन उभा राहा. त्यांनाही पत्र लिहीत बसू नकोस.

माया होती तेवढीच आहे.

बाबा