बंद घराचा हुंकारा

धार,
ता. १६ जून १९५७

ती. सौ. पार्वतीताईस,

बापूचा साष्टांग नमस्कार, पण लांबूनच. हे पत्र पाकिटात घालण्याआधी कडुलिंबाच्या धुरीवर धरले आहे, तेव्हा वास आला तर नाक मुरडू नकोस. आम्ही सुखरूप आहोत. तुझी भावजय सुभद्रा तापाने पडली होती, आता उठून माझ्यावर ओरडते आहे, म्हणजे बरी आहे. देवासला साथ कितपत आहे? तुझ्या नारायणला म्हणावे, शिंकणाऱ्या साहेबापासून लांब बस, बढती हुकली तरी चालेल.

इथे सगळे ह्या तापाला फ्लू म्हणतात. तुला लहानपणची मानमोडीची साथ आठवते, मी तेव्हा पाळण्यात होतो. तुझ्या इथल्या घरासमोरचे भैयासाहेब म्हणतात, ही मानमोडीची धाकटी बहीण. थोरलीइतकी खुनशी नाही, पण घरोघर फिरायची हौस तेवढीच.

आमच्या वाचनालयाची तर काय तऱ्हा सांगू! वाचायची खोली बंद केली, बाके उलटी करून ठेवली. वर्तमानपत्रे बाहेर फळ्यावर लावली, तर फळ्यासमोर जत्रा जमली आणि सगळे एकमेकांच्या मानेवर शिंकू लागले. फळाही काढला. मग पुस्तके घरपोच द्यायचे ठरले. परत आलेले पुस्तक पेटीत ठेवून धुरी द्यायची आणि गच्चीवर उन्हात उघडे पसरायचे. परवा वर गेलो, तर पापडांसारखी मांडलेली सगळी पुस्तके एकदम एकाच बाजूला उलटली. वाराच होता. पण सगळ्यांनी मिळून काहीतरी शोधायला घ्यावे तशी ती पाने फडफडत होती, आणि मी उगाच घाईने जिना उतरून खाली आलो.

तरी लोक पुस्तकाला हात लावायला घाबरतात. एका बाईंनी तर चिमट्यात धरून परत केले. तेव्हा मी कमिटीला म्हटले, पुस्तक घरात जात नसेल तर आवाज तरी जाऊ द्या. ग्रंथपालाने संध्याकाळी गल्लीत बसून मोठ्याने वाचायचे, लोकांनी आपापल्या दाराआड बसून ऐकायचे. अध्यक्ष हसले, पण हो म्हणाले. पगार तोच, घसा माझा.

आपल्या गल्लीत मी तुझ्या ओट्यावर बसतो. रागावू नकोस. बंद घरात माणूस नाही आणि माणूस नाही म्हणजे ताप नाही, साऱ्या गल्लीत एवढाच निर्धोक ओटा. दाराला पाठ टेकली की बरे वाटते. कुलूप जागच्या जागी आहे आणि किल्ली आमच्या देवघरातल्या खिळ्याला आहे, देवासला जाताना तू अडकवलीस तशीच.

नारायणचे पत्र मिळाले. दाजी घरातून निघून गेले त्याला ह्या आषाढात बारा वर्षे होतील. शास्त्राप्रमाणे वाट पाहणे संपले, तेव्हा पितृपक्षाआधी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा आणि वडिलांचे क्रियाकर्म उरकावे, मामाची संमती हवी, असे त्याने लिहिले आहे. मुलगा शहाणा आहे. अक्षरही सुधारले आहे. उत्तर सवडीने लिहितो, सध्या धुरीने डोळे फार चुरचुरतात.

तुझा,
बापू


धार,
ता. ११ जुलै १९५७

ती. सौ. ताईस,

सा. नमस्कार. तुझे पत्र पोचले. "माझ्या कपाळाचे काय करायचे ते तुम्ही मामा-भाचे ठरवा, मला विचारू नका," हे तुझे वाक्य मी दोनदा वाचले आणि पत्र उशाखाली ठेवले. त्यावर पुढे लिहितो.

आधी गंमत सांगतो. पावसाने गच्चीवरची पुस्तके आत आणावी लागली, पेट्या धुरीने भरलेल्या, आणि वाचायला कोरडे पुस्तक एकही नाही. माझ्या घरी मात्र एक होते. ती किल्ल्याच्या वेढ्याची जाड कादंबरी, दाजींना मी वाचून दाखवायचो ती. त्यांचे डोळे अधू आणि गोष्टीचा हव्यास दांडगा. तुला आठवत असेल, तू आत भाकऱ्या थापत होतीस. मी ह्याच ओट्यावर वाचत होतो. ऐन वेढ्यात दाजी उठले, माझ्या हातातल्या पानाचा कोपरा दुमडला, "आलोच, तोवर पुढे वाचू नको," म्हणाले, चपला घातल्या आणि गेले. मी वाचले नाही. ग्रंथपालानेच वाचनालयाचे पुस्तक बारा वर्षे घरात दडवले, हे कुठे बोलू नकोस.

तर तेच पुस्तक पहिल्या पानापासून काढले. बंद दारांना वाचून दाखवणे म्हणजे विहिरीत तोंड घालून बोलणे. कोण ऐकतो, कोण झोपला, कोण तापाने बेशुद्ध आहे, काही कळत नाही. दाजी म्हणायचे ती माळवी म्हण आठवते ना? "बात में हुंकारो, फौज में नगारो." नगाऱ्याशिवाय फौज हलत नाही आणि "हूं" म्हणणारा नसेल तर सांगणाऱ्याचे अवसान गळते. माझेही गळत चालले होते. असा रडतखडत त्या दुमडलेल्या पानापाशी पोचलो. मग म्हटले, साथीच्या दिवसांत कसली आली बंधने, आणि पान उलटले. पहिले वाक्य संपले, आणि कुठूनसे आले, "हूं."

अगदी मुरलेला हुंकारा! आधी घसा साफ केल्याचा बारीक आवाज, मग "हूं". विनोदाला लांबवलेला, लढाईला तोकडा. त्या दिवसापासून एकदाही चुकलेला नाही. भैयासाहेब असणार, असे मी धरून चाललो आहे. आवाज समोरून येतो असे वाटत नाही खरे, पण बंद गल्लीत आवाज भिंतींवर आपटून कुठूनही फिरून येतो. वाचनाला असा रंग चढला आहे की बायका खिडकीच्या फटीतून विचारतात, "उद्या येणार ना?"

मी येतोच. असा हुंकारा सोडून गोष्ट सांगू कोणाला?

नारायणला अजून लिहिलेले नाही. संमतीचे पत्र लिहायला बसतो, "चि. नारायण यास" लिहितो, आणि पुढे काही सुचत नाही. बाकी सर्व ठीक.

तुझा,
बापू


धार,
ता. २१ ऑगस्ट १९५७

ती. सौ. ताईस,

सा. नमस्कार. आज टाळत नाही, सगळे सांगतो.

साथ ओसरली. वाचायची खोली उघडली, बाके सुलटी झाली. पहिल्या दिवशी भैयासाहेब काठी टेकत आले. मी हात जोडून म्हटले, तुमच्या हुंकाऱ्यावर मी हे सगळे दिवस काढले. ते काठी जमिनीवर आपटत म्हणाले,

"अरे भिया, मी कशाला हूं करू? मला तर बुखार होता. पाणी मागायला आवाज निघत नव्हता."

"मग कोण?"

"कोण म्हणजे? हूं तर तुझ्या पाठीमागून यायचा. आम्ही समजलो, तूच कुणाला आत बसवलंय. आमची घरवाली तर बोलली, बापूला अक्कल आहे, हुंकारेवाला सोबत आणतो."

मी घरोघर विचारले. सगळ्यांनी हुंकारा ऐकला होता, दिला कोणीच नव्हता. सगळ्यांनी तुझ्या दाराकडे बोट केले. आणि ताई, त्यात कोणाला नवल वाटले नाही. मलाच तेवढे वाटले.

दुसऱ्या दिवशी उजेड असतानाच मी पुन्हा ओट्यावर जाऊन बसलो. ह्या खेपेला पाठ दाराला टेकली नाही, थोडा बाजूला बसलो. शेवटच्याच्या आधीचे प्रकरण काढले. हुंकारा आला, घसा साफ करून. तो घसा तू ओळखशील. दाजी जेवायला पानावर बसण्याआधी साफ करायचे ना, तसाच. मी वाचत राहिलो, कारण थांबायची भीती वाटत होती. मग प्रकरणाच्या शेवटच्या वाक्याच्या मधोमध मुद्दाम थांबलो. कुठेतरी भांडी घासल्याचा आवाज येत होता, तोही थांबला. आणि दाराआडून, बसलेल्या माझ्या कानाच्या उंचीवरून, आले, "हूं?" गोष्ट अडली की ऐकणारा विचारतो तसे. म्हणजे तिकडेही कोणी बसूनच होते.

मी पळालो. चाळिशीला टेकलेला ग्रंथपाल अनवाणी गल्लीतून पळतो आहे, हे बघून पोरे हसली. चपला आणि पुस्तक तिथेच राहिले.

सकाळी गेलो. चपला जोडीने भिंतीला लावून ठेवलेल्या होत्या. भैयासाहेबांनी ठेवल्या असतील, मी विचारले नाही. पुस्तक पागोळ्यांच्या आत, कोरडे होते. उचलले, आणि शेवटच्या प्रकरणाच्या पहिल्या पानाचा कोपरा दुमडलेला दिसला. मी पाने दुमडत नाही. दाजींशी मी त्यावरून किती भांडलो आहे, ते तू ऐकलेले आहेस.

कुलूप पाहिले. गंजलेले आहे, वरचे कोळ्याचे जाळे फाटलेले नाही. राहिले मागच्या अंगणाचे दार. त्याला आतून अडसर घालून मगच तू घर बंद केले होतेस. तिकडे मी गेलो नाही. तो अडसर अजून आहे की काढलेला आहे, हे मला पाहवणार नाही. मला दोन्हीकडची भीती वाटते, ताई. आत माणूस निघाला, तर तू एकटीने लोकांचे टोमणे ऐकत नारायणला वाढवलेस, त्या वर्षांचा जाब त्याला कोण विचारणार? माझ्या हातून त्याच्या थोबाडीत बसेल, आणि मग मी त्याच्याच गळ्यात पडून रडेन. आणि आत कोणी नाही निघाले, तर नारायण खरा ठरला. मग तुझ्या कपाळाचे कुंकू पुसायला मीच दार उघडून दिले, असे होईल.

म्हणून आज नारायणला लिहिले, की मामाची संमती नाही, आई धारला जाऊन येईपर्यंत तरी नाही. त्याला राग येईल, येऊ दे.

मला विचारू नका म्हणालीस, तरी तुलाच विचारतो आहे. आपल्या गल्लीतला रघुजी मोटारीने देवासच्या बाजाराला येतो, त्याच्याबरोबर पुस्तक आणि फडक्यात शिवलेली किल्ली पाठवली आहे. शेवटचे प्रकरण मी वाचलेले नाही आणि वाचणार नाही. त्यांनी मला थांब म्हटले आहे, तुला नाही. तू ये, ओट्यावर बस, आणि मोठ्याने वाच. तू कधी त्यांना वाचून दाखवले नाहीस, तुला चुलीपासून सवड कुठे होती! हुंकारा आला नाही, तर पळसाची पाने मी स्वतः तोडून आणीन. आला, तर दार उघडायचे की कुलूप तसेच ठेवून परत फिरायचे, हे तुझे तू ठरव. मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहीन. त्याहून जवळ येण्याचे धैर्य मला नाही, आणि तो हक्कही माझा नाही.

नारायणने विचारले होते, नातेवाइकांच्या पत्रांत आईच्या नावामागे यापुढे काय लिहायचे. त्याचे उत्तर त्याला दिलेले नाही, तुला देतो. ऐकत बसलेल्या माणसाला मेला म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पाकीट हातात घेशील तेव्हा पत्ता नीट बघ. आजही मी "सौ." लिहिले आहे, आणि शाई वाळेपर्यंत त्यावर हात धरून बसलो आहे.

लोभ आहेच, धीरही असू दे.

तुझी वाट पाहणारा,
बापू