हलका केलेला ट्रिगर

बाबा, दसऱ्याच्या पूजेत आमच्या घरात गोळी सुटली. इथे परदेशात घरांच्या भिंती म्हणजे नुसता प्लास्टरचा पुठ्ठा. गोळी भिंतीतून आरपार गेली, पलीकडच्या खोलीत पलंगावर लॅपटॉप घेऊन बसलेल्या तुमच्या नातीच्या डोक्यावरून गेली आणि कपाटातल्या स्वेटरांमध्ये अडकली. तिला काही झालेलं नाही, हे आधी सांगते. पण माझा राग अजून उतरलेला नाही. ज्याच्यावर काढायचा त्याच्यावर काढून झाला, तरी उरला आहे. तो तुमच्यावर काढते. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, मध्येच तोंड घालून मला गप्प करणार नाही तुम्ही.

तुमच्या जावयाला सिटिझनशिप मिळाली आणि पाठोपाठ पिस्तूल आलं. मागच्या गल्लीत चोरी झाली होती, एवढं निमित्त. मी फार विरोध केला नाही. फौजदाराच्या मुलीला घरात हत्यार म्हणजे काय नवल? पण ते आणल्यावर याचं समाधान होईना. मुठीची पकड जाड म्हणून दुसरी मागवली. चष्म्यातून नेम दिसत नाही म्हणून वर लाल ठिपक्याची काच बसवली. मग गोळ्यांचं मॅगझिन सोडायचं बटण मोठं केलं, खाली दिवा लावला. शेवटी ट्रिगर बदलला, कारण कंपनीचा म्हणे जड आणि खरखरीत होता. आठवड्याला एक खोकं दारात यायचं. आपल्याकडे नवी स्कूटर घेतली की लोक सीटकव्हर, आरसे, आणि काय काय लावत बसायचे, तसंच हे. मी विचारलं, "अरे, चालत होतं ना ते?" तर म्हणाला, "बेस मॉडेल कुणी ठेवतं का यार? ते स्टोअरमधलं असतं, कुणाचंही असतं. पार्ट बदलले की आपलं होतं." खोटं कशाला बोलू, त्यातलं निम्मं मला पटलं होतं. दिवसभर दुसऱ्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या मर्जीने लिहिणाऱ्या माणसाला रविवारी गॅरेजमध्ये बसून एक वस्तू स्वतःच्या हाताजोगी करता येते, तेव्हा त्याचा चेहरा बदलतो. तो चेहरा बघून मी चहा नेऊन द्यायचे.

तुम्ही असतात तर त्याला सोलून काढलं असतंत. तुमच्या ठाण्यातल्या एका शिपायाने बंदुकीच्या दस्त्याला रंगीत गोफ गुंडाळला होता, तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर ओरडला होतात, "सरकारी हत्यार आहे, नवरी नाही सजवायला!" मी तिथेच होते, खंडेनवमीची पूजा बघायला आले होते. सतरंजीवर ओळीने मांडलेल्या रायफली, त्यांना गंध, फुलं, पुढे नारळ. मला ते फार देखणं वाटलं होतं. घरीही तेच. नागपूरच्या क्वार्टरमध्ये उजेड स्वयंपाकघरात बरा, म्हणून तुम्ही रविवारी तिथेच पेपर पसरून रिव्हॉल्व्हर पुसायला बसता. आई म्हणते, "त्या तेलाचा वास माझ्या पोळ्यांना लागतो हो." तुम्ही हसता. मी शेजारी बसून फडकं धरते, आणि तुम्ही मला सांगता की हत्यार नेहमी भरलेलं आहे असंच समजायचं. घरातला सगळ्यात शांत वेळ असायचा तो.

आणि इथेच माझं तुमच्याशी भांडण आहे. एक दिवस तुम्ही घरी आलात, जेवला नाहीत, मोरीत उभं राहून किती तरी वेळ हात धूत राहिलात. कुणाशी बोलला नाहीत. पुढच्या रविवारी पुन्हा पेपर, पुन्हा तेल, पुन्हा माझ्या हातात फडकं. त्या दिवशी तुम्ही गोळी चालवली होती आणि एक माणूस मेला होता, हे मला शेजारच्या काकूंनी सांगितलं. तुम्ही कधीच नाही. का नाही सांगितलंत? मी मोठी झाले, माझं लग्न झालं, तरी नाही. मला फक्त चकचकीत पुसलेलं हत्यार दाखवलंत आणि त्यापुढचं सगळं मोरीत धुऊन टाकलंत. त्यामुळे माझ्या डोक्यात हत्यार म्हणजे रविवार, उजेड आणि पोळ्यांचा वास. पाटावर पिस्तूल दिसल्यावर जिने आधी ओरडायला हवं होतं, ती मी, फौजदाराची मुलगी, त्याला वाहायला झेंडू निवडत बसले होते!

दसरा आठवड्याच्या मध्ये आला, म्हणून आम्ही शनिवारी केला. इथल्या अर्विंग गावातली चार मराठी घरं जमली होती. पाटावर लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, एका मुलीचं व्हायोलिन, आणि मध्ये हे. याने मॅगझिन काढून, आत बघून, नीट रिकामं करून ठेवलं होतं. त्यावर आमच्यातले ज्येष्ठ काका, आयुष्यभर डॉक्टरकी केलेले, सोफ्यावरून म्हणाले, "रिकाम्या शस्त्राची कसली पूजा? तलवार काय म्यानातून काढून, धार बोथट करून पूजतात का?" सगळे हसले. याने भरलं. बाबा, इतक्या शिकलेल्या माणसांनी भरलेलं पिस्तूल पाटावर ठेवलं, त्यावर हळदकुंकू वाहिलं आणि कुणालाही वावगं वाटलं नाही. मग फोटोसाठी माळ तिरकी दिसते म्हणून याने एका हाताने पिस्तूल धरलं आणि दुसऱ्या हाताने माळ ओढली. दोरा ट्रिगरमध्ये अडकला होता. आणि ट्रिगर होता हलका, याने हौसेने केलेला.

त्या आवाजानंतर मला काही ऐकू येत नव्हतं. मी धावत खोलीत गेले. ती पलंगावर तशीच बसली होती, केसांत प्लास्टरची पांढरी भुकटी. शेजाऱ्यांनी बोलावलेले पोलीस आले, सगळ्यांना प्रश्न विचारून गेले. सणापुरती घरी आलेली लेक त्याच संध्याकाळी ऑस्टिनला कॉलेजच्या खोलीवर निघून गेली. फोनवर एवढंच म्हणाली, "आई, आय ॲम नॉट कमिंग होम टिल दॅट थिंग इज गॉन." थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतही आली नाही. तिच्या वाढदिवसाला मी शिरा करून तिथे घेऊन गेले, तर तिने डबा घेतला आणि मला पार्किंगमधूनच परत पाठवलं.

आणि याने काय करावं? एका रविवारी गॅरेजमधून बाहेर आला, चेहऱ्यावर मोठं काही केल्याचा भाव. "ओरिजिनल ट्रिगर परत बसवला मी. आता सेफ आहे. तिला सांग." मी हातातली कढई ओट्यावर आपटली. म्हटलं, तुला अजून वाटतं की चूक पार्टची होती? लेक घराबाहेर आहे आणि तू स्क्रू फिरवतोस? उद्याच्या उद्या हे विकायचं, नाहीतर मी तिच्याकडे राहायला जाते. तो हाताचं तेल फडक्याने पुसत राहिला. मग म्हणाला, "ती बारीक ग्रिप मी तुझ्यासाठी घेतली होती. तुझे हात लहान आहेत म्हणून."

ते खरं होतं. त्याने मला नेमबाजीच्या रेंजवर नेलं होतं, आणि पहिल्याच दिवशी माझा नेम मधल्या गोलात लागला होता. तो सगळ्यांना सांगत सुटला, बघा, पोलिसाचं रक्त. मी लटकं रागावले होते.

काल पिस्तूल बंदुकीच्या दुकानात विकून आलो. परत येताना गाडीत हा रडला. मी रडले नाही. रविवारी लेक घरी येते आहे. तिच्या भिंतीचं भोक बुजवून रंग दिला आहे, रंग थोडा वेगळा दिसतो. ती मला विचारणार, तुला कधी ते हवंसं वाटलं होतं का, आणि मी नाही म्हणणार. म्हणून तुम्हाला लिहिलेली ही पानं ती यायच्या आत फाडून टाकायची आहेत.

तुम्ही मला सांगितलं नाहीत, बाबा, मीही तिला सांगणार नाही. तुम्हाला सांगते. काउंटरवर द्यायला म्हणून मी ते पेटीतून बाहेर काढलं, तेव्हा ते माझ्या हातात इतकं नेमकं बसलं की दुकानदाराने हात पुढे केला तरी मी दिलं नाही. त्याला दोनदा म्हणावं लागलं, "मॅम, यू कॅन लेट गो नाऊ."