डावीकडे ओढणारी गाडी

प्रिय चिमणे,

आमच्या शाळेतल्या सिस्टर सांगायच्या, पत्रात कामाचं आधी लिहावं आणि ख्यालीखुशाली मागून. मला ते कधीच जमलं नाही आणि आज तर मुळीच जमणार नाही. म्हणून आधी आपल्या ठकीची खबरबात. एवढीशी गाडी, तूच तिला बाहुलीचं नाव दिलंस, आणि आता ती घरातल्या दोन्ही म्हाताऱ्यांपेक्षा जास्त आजारी असते. आधी रेडिएटर गळायला लागला. तो बदलला तर पाण्याचा पंप गेला. क्लच असा घसरतो की पुलाच्या चढावर इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी रेंगाळते, कामचुकार कारकुनासारखी. खड्ड्यातून गेलं की खालून खडखड येते, ते रबराचे बुश झिजलेत म्हणे. एसीचा तर नुसता पंखाच उरलाय. परवाचं बिल पाहून मी म्हटलं, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्यावर बाबा म्हणाले, "अगं, पण कोंबडी घरची आहे."

तुला ते शाळेमागचं मैदान आठवतं का? बाबा तुला गाडी शिकवत होते आणि मी मागच्या सीटवर जीव मुठीत धरून बसले होते. तू खांबाला घासलीस. डाव्या दाराला पोचा पडला तरी बाबा रागावले नाहीत. म्हणाले, खांबच मधे आला, त्याला काही शिस्त नाही. गल्लीतल्या निम्म्या पोरींना त्यांनीच गाडी शिकवली. मलाही किती वेळा बसवायला बघितलं, पण मला शेजारच्या सीटवरून सूचना द्यायलाच आवडायचं.

तुझ्या त्या पोच्याला आता बरेच सोबती आलेत. सगळे डाव्या बाजूला. फाटकाचा खांब, बाजारातला कठडा, आणि डावा आरसा तर दोनदा बदलून झाला. बाबांचं म्हणणं, ठकी डावीकडे ओढते. म्हणून चाकांचं अलाइनमेंट केलं, पुढचे टायर नवे घातले, तरी ओढतेच म्हणून पुन्हा अलाइनमेंट केलं. मीही मान डोलावत राहिले. जुनी गाडी आहे, ओढत असेल.

मागच्या आठवड्यात आम्ही औषधं घेऊन परतत होतो. बेकरीपाशी एक बाई सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती, आमच्या डावीकडून. गाडी हळूच होती, पण थांबेना. मी ओरडायचं विसरले आणि मधला हँडब्रेक ओढला. ठकी गचकन थांबली. ती बाई आमच्याकडे बघत, काहीतरी पुटपुटत निघून गेली. बाबा घामाघूम झाले होते. म्हणाले, "बघ, आता हँडब्रेकही आपोआप लागायला लागला. उद्या दाखवायला हवा." चिमणे, माझा हात अजून हँडब्रेकवर होता. त्यांच्या डाव्या मांडीशेजारी. त्यांना तो दिसलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी खरंच गॅरेजमध्ये गेलो. बाबा तिथल्या खुर्चीवर पेपर घेऊन बसले. गॅरेजवाले मला म्हणाले, "वहिनी, चला जरा, आवाज ऐकायला शेजारी कुणी हवं." मागच्या सरळ रस्त्यावर त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढले. ठकी शहाण्या मुलीसारखी सरळ गेली. ते म्हणाले, "ही कुठेच ओढत नाही. आणि हँडब्रेक ओढल्याशिवाय लागत नाही." मी म्हटलं, "मीच ओढला होता." त्यांनी गाडी कडेला घेतली. मग म्हणाले, "दादांना हे मी नाही सांगू शकणार." त्यांनाही गाडी बाबांनीच शिकवली होती.

तेव्हापासून मला घरातलंही दिसायला लागलंय. दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटतो. डाव्या हाताला ठेवलेला चहा गार होऊन जातो. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की म्हणतात, गाडीचं काम होऊ दे, मग बघू. काल धीर करून म्हटलं, आता तुम्ही नका चालवू. ते नुसते म्हणाले, "तू कधी स्टिअरिंगला हात लावलायस?" तसे लागट बोलणारे नाहीत गं ते. घाबरलेत. त्यांना आतून कळलं असावं, असं मला वाटतं.

आणि आज सकाळी त्यांनी तुझ्या बाळासाठी आणलेली छोटी सीट ठकीत बसवली. पट्टे दहा वेळा ओढून पाहिले. मागे, डाव्या बाजूला. तुम्ही याल तेव्हा स्टेशनवर घ्यायला स्वतः येणार म्हणतात. मला रात्री झोप नाही.

तर आता कामाचं. तू लगेच फोन कर आणि बाबांकडे ठकी माग. गाडी जुनी झाली म्हणू नकोस, वयाचा विषय काढू नकोस. म्हण, बाळाला घेऊन जायची-यायची पंचाईत होते, मला गाडी हवीय, आणि दुसरी नको, ठकीच हवी. स्टेशनवरून मीच चालवत येते म्हण, ठकी गॅरेजवाल्यांना तिथे आणून ठेवू दे, दुसरी किल्ली घेऊन तुम्ही दोघं रिक्षाने या. तिच्यावर खर्च होईल, क्लच तर लगेच करावा लागेल, म्हणून सगळी दुखणी वर लिहिली आहेत. तुला त्यांनी आजवर कशालाच नाही म्हटलेलं नाही. घेतली म्हणजे, गाडीचं काम झालं म्हणून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडेही तूच घेऊन जा. किल्ली देताना ते तुला ठकीच्या एकेक खोडी सांगत बसतील. पहिल्यांदाच ऐकतेयस अशा ऐक. ती डावीकडे ओढते, असंही सांगतील. हो म्हण. सांभाळून चालवीन म्हण.

वाट बघणारी, तुझीच
आई