दानम्माला बसायचा कोनाडा

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी साहेब,
लातूर (नवा जिल्हा)

अर्जदार: मलप्पा वीरभद्रप्पा, किराणा दुकानदार, रा. कवठाळवाडी, शिरूर अनंतपाळजवळ

विषय: शाळेतील पाडलेला कोनाडा परत बांधून कु. दानम्मा धोंडप्पा या अपंग मुलीस पहिलीच्या वर्गात बसू देणेबाबत.

संदर्भ: माझ्या मुलीसाठी जुन्या जिल्ह्यात दिलेला अर्ज. मुलगी तेव्हा हयात होती.

महोदय,

१. माझी मुलगी शिवकांता हिची कंबर लहानपणीच्या तापाने लुळी पडली होती. बसवले की कलंडायची. डोके मात्र लई तल्लख. मुख्याध्यापक म्हणाले, आधी बसायला शिकवा, मग वर्गात घेऊ. मी अर्ज दिला. मधेच जिल्हा बदलला, अर्ज तिकडेच राहिला.

२. यंदा विहिरी आटल्या. नाल्यात खणलेल्या झिऱ्याचे पाणी पिऊन चैत्रात तिला हगवण लागली अन् ती गेली. आम्हा लिंगायतांत मयताला बसवून पुरतात, हे साहेबांस ठाऊक असेलच. खड्ड्याच्या भिंतीत तिच्या पाठीच्या मापाचा कोनाडा मीच कोरला. त्यात शिवकांता ताठ बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, साहेब. माझी बायको शांतम्मा वरून बघून म्हणाली, आता घेतील की हो हिला शाळेत. ती अजून रोज तेच म्हणते.

३. शेजारच्या धोंडप्पाची दानम्मा तशीच आहे. म्हणून सुटीत सरपंचांना विचारून वर्गाच्या कोपऱ्यात विटामातीचा तसाच कोनाडा मी बांधला. दुसरे माप माझ्या हाताला येत नाही. शाळा उघडली त्या दिवशी दानम्मा त्यात पाटी घेऊन बसली, पडली नाही, अन् हसली. मी दारात उभा राहून रडलो. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी, मसणातली वस्तू शाळेत नको म्हणून तो पाडला, वर अंगारा टाकला अन् दानम्माला घरी धाडले.

४. आता पोरं त्या कोपऱ्यात बसत नाहीत. तिथे शिवकांता बसली आहे म्हणतात. बसली असेल तर बसू द्या की! तिने कुणाचे काय घोडे मारले? मलाही दुकानात शाळेतले पाढे ऐकू येतात अन् त्यात तिचा आवाज लागतो. ही तक्रार नाही, फक्त कळवतो.

५. सबब, कोनाडा परत बांधण्याचा हुकूम व्हावा. माती माझी, मेहनत माझी. शिवकांताला टेकू कुठे हवा होता, ते मला तिला पुरताना कळले. दानम्माचे उत्तर लवकर द्यावे. गावाला पाणी अजून झिऱ्याचेच आहे.

आपल्या हुकमाची वाट पाहणारा,
मलप्पा वीरभद्रप्पा
दि. २० जून १९८३

सोबत: मापाची सुतळी, एक. शिवकांताच्या पाठीला लावली होती तीच. दानम्मालाही बरोबर आली. ही शाळेच्याच कामी यावी.