शाकाहारी ब्रिटल स्टार

१ डिसेंबर १९८३
सौ.चा धाकटा भाऊ मुकुंद मुंबईहून आला. मुलगा होस्टेलला गेल्यापासून सौ.ला घर खायला उठतं, म्हणून मागच्या खेपेला त्याने खाऱ्या पाण्याची टाकी आणि दोन नारिंगी मासे आणले होते. सौ.ने नावं ठेवली बुंदी आणि शेंद्री. दिवसभर त्यांच्याशी बोलते.

या वेळी माझ्या आग्रहावरून ब्रिटल स्टार, म्हणजे तारामाशाचा चुलतभाऊ. रुपयाएवढं अंग, पाच लांब काटेरी हात, रंग हिरवा. तळाशी पडलेलं खाणं साफ करतो. लायब्ररीचं पुस्तक आणून पहिलं प्रकरण वाचलंय, त्यामुळे विषय आता हातात आहे.

मुकुंद म्हणाला, भाऊजी, हा हिरवा खादाड असतो, दोन दिवसांआड सुका झिंगा द्या, उपाशी राहिला तर मासे धरतो. झिंग्यांचा डबाही दिला. मी मान डोलावली.

२ डिसेंबर
डबा अनुसयाबाईला देऊन टाकला. ती आमच्याकडे भांडी घासते. त्यांच्याकडे चालतं.

आमच्या घरात झिंगा! या घरात राहायचं तर या घरचं खायचं. (माशांच्या खाण्याच्या पुडीत काय असतं ते मी मुकुंदला विचारलेलं नाही. विचारणारही नाही.)

४ डिसेंबर
स्टारला भिजवलेली मुगाची डाळ दिली. त्याने एका हाताने चाचपली आणि दूर सारली. सवयीचा प्रश्न आहे.

९ डिसेंबर
वरणातलं भाताचं शीत. नको म्हणाला. सौ. म्हणते, अहो, तो वाळून राहिला. मी म्हटलं, चपळ होऊन राहिला. पुस्तकाचं दुसरं प्रकरण रविवारी नक्की.

१५ डिसेंबर, एकादशी
घरात सगळ्यांना साबुदाणा, त्यालाही. भेदभाव नको.

संध्याकाळी नवल पाहिलं. स्टार पाचही हातांवर उंच उभा राहिला, मधे छान मांडव झाला. बुंदी त्या मांडवाखाली जाऊन हुंगून आली. सौ.ला बोलावून दाखवलं: बघ, सात्त्विक आहाराने मैत्री जमली. मुकुंदला पत्र लिहिणार आहे. त्यालाही शिकता येईल.

१६ डिसेंबर
बुंदी नाही. झाकण जागच्या जागी आहे. सौ. सकाळपासून रडते आहे.

मी शांतपणे विचार केला. काल टाकीची काच कोणी पुसली? अनुसयाबाईने. मासे कोण खातं? अनुसयाबाई. तिला विचारलं. आवाज थोडा चढला असेल, कारण शेजारचे चंपतराव गॅलरीत आले. ती म्हणाली, बाबूजी, करंगळीएवढ्या मासोळीचं मी का करू जी? इतके वर्षं झाले, तुमच्या घरची वाटी तरी हालली का? हातातली कढई अर्धवट घासलेली ठेवून निघून गेली.

मी शब्द जपून वापरले होते. चोर म्हटलं नाही. म्हणजे एकदाच म्हटलं.

१८ डिसेंबर
सौ. स्वतः भांडी घासते. माझ्याशी बोलत नाही. पेले मी पुसायचं ठरवलं. एक फुटला. काच पातळ होती.

२० डिसेंबर
ऑफिसातून आलो तर स्टारने पुन्हा मांडव घातलेला. शेंद्री खाली शिरली आणि पाचही हात एकदम मिटले.

मी सांडशी घेऊन हात घातला. स्टारचा एक हात तुटून सांडशीत आला, वळवळत होता. शेंद्री निसटली. शेपूट फाटली आहे, पण जिवंत आहे.

म्हणजे बुंदी तिकडे गेली.

सौ. मागे उभी होती. म्हणाली, त्याला भूक लागली होती. त्याचं काय चुकलं? मी म्हटलं, ही एक तांत्रिक चूक आहे. ती म्हणाली, आणि अनुसयाबाई? मला माझी लाज वाटते आहे. इथे लिहितो, कारण कुणाच्या तोंडावर म्हणायची हिंमत नाही.

उद्या ऑफिसातून परस्पर जाऊन माफी मागणार.

२१ डिसेंबर
ऑफिसात काम निघालं.

२२ डिसेंबर
थंडी फार. सायकलवर छाती धरली असती.

२४ डिसेंबर
गेलो. नंदनवन वस्तीत त्यांची एक खोली आहे. रस्ताभर माफीची दोन वाक्यं घोकत होतो. तिच्या नवऱ्याने, नत्थूजींनी, उठून मला खाट दिली. तिने चहा दिला. मी हवापाण्याचं बोललो. स्टारचा तुटलेला हात पुन्हा उगवतो, हेही सांगितलं, सविस्तर. मग मासा कसा गेला ते सांगितलं. चहा संपला. आता म्हणायचंच, म्हणून घसा खाकरला आणि तोंडातून निघालं, त्या डब्यातले झिंगे उरलेत का?

ती आत गेली, डबा घेऊन आली. म्हणाली, न्या बाबूजी. त्या जीवाले उपाशी काहून मारून राहिले?

मी विचारलं, उद्यापासून कामावर येशील ना? ती म्हणाली, बाईले सांगजा, मी येईन भेटाले. भांडे घासाले नाही येत आता.

डबा स्वेटरच्या आत दडवून आणला, चंपतराव गॅलरीत होते. स्टारने झिंगा माझ्या चिमटीतूनच ओढून घेतला. किती घाई होती त्याला.

सौ.ने विचारलं, माफी मागितली ना? मी हो म्हणालो. इतक्या दिवसांनी ती माझ्याकडे बघून हसली, मला गरम पोळी वाढली.

अनुसयाबाई तिला भेटायला येणार आहे. तेव्हा कळेलच.