ब्लाहाचं दुसरं व्हायोलिन

प्रिय अपोलेना,

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल, आणि बहुधा थोडी धास्तीही. मागच्या भेटीत मी जसा वागलो त्यानंतर ती वाटणं साहजिक आहे. एक विनंती आधीच करून ठेवतो. हे तालमीच्या खोलीत उघडू नकोस. ओत्मारला दुसऱ्याच्या खांद्यावरून वाचायची सवय आहे. घरी जा, दार लाव, मग वाच. आणि शुद्धलेखनाला हसू नकोस. बारा वर्षांचा असताना वडिलांनी मला शाळेतून काढून लग्नाच्या बँडमध्ये उभं केलं, तेव्हापासून माझा लेखणीशी संबंध बेताचाच. माझी बायको ब्लाजेना म्हणाली, सांग, मी लिहून देते. पण हे तिलाही दाखवायचं नाही.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला तू आमच्याकडे आलीस. हातात तुझ्या आईने केलेला खसखशीचा केक होता. तू मला "मास्तर" म्हणालीस, ते मला आवडलं, आणि आवडलं म्हणून मी आणखीच चिडलो. तू आडपडदा न ठेवता विचारलंस की ब्लाहाचं दुसरं व्हायोलिन मला वाजवायला द्याल का. मी म्हणालो, ते दुरुस्तीला गेलंय, फळी उकललीय, वसंतापर्यंत काही खरं नाही. ते सगळं खोटं होतं. तू बसली होतीस त्याच कोचाखाली ते होतं, पेटीसकट ब्लाजेनाच्या जुन्या शालीत गुंडाळलेलं. तुझी टाच पेटीला लागायची आणि दर वेळी मी मोठ्याने खोकायचो. ब्लाजेना तुला बटाट्याचं सूप वाढत राहिली. तू जिना उतरल्यावर मात्र म्हणाली, "वेंडा, घर सोडलंस, पण किल्ल्या अजून कमरेलाच." मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. तिला ते बरंच वाटलं असावं.

ते व्हायोलिन माझं आहे की नाही, हे मलाही धड सांगता येणार नाही. म्हातारा ब्लाहा डोंगरातल्या गावात वाद्यं करायचा. आम्ही चौघं तरुण होतो, नाव नव्हतं, धड वाद्यंही नव्हती. त्याने एकाच मेपलच्या खोडातून चारही वाद्यं काढली: दोन व्हायोलिन, पहिलं ओत्मारचं आणि दुसरं माझं, हिनेकचा व्हिओला, क्विडोचा चेलो. देताना एकच अट घातली की ही चार भावंडं वेगळी करायची नाहीत. म्हणून आमच्या चौकडीला त्याचं नाव दिलं. ओत्मार, हिनेक आणि क्विडो हे तिघं शिकलेले, संगीताच्या कॉन्झर्व्हेटरीत गेलेले. मला एका लग्नात नाचासाठी पोल्का वाजवताना ओत्मारने ऐकलं आणि उचलून आणलं. स्वरलिपीतले इटालियन शब्द मला कळायचे नाहीत. ओत्मार म्हणाला, "वेंडा, तू ते वाचू नकोस. माझ्याकडे बघ." मी बघितलं. सगळं आयुष्य त्याच्या उजव्या कोपराकडे बघितलं. बायकोचा चेहरा मला तेवढा पाठ नाही. वर्तमानपत्रवाले लिहायचे की ब्लाहा चौकडीत चार वाद्यं ऐकू येत नाहीत, एकच येतं. ओत्मारचं नाव असायचं, क्विडोच्या चेलोला एखादं विशेषण असायचं, हिनेकबद्दलही कधीमधी काही असायचं. माझ्याबद्दल काही नसायचं, आणि मला त्याचा अभिमान होता. दुसऱ्या व्हायोलिनबद्दल कोणी काही लिहिलं नाही, म्हणजे ते नीट वाजलं. असंच मला वाटत आलं.

मग उजवा हात थरथरायला लागला. जलद वाजवताना लपायचं, पण हळू, लांब सुरावर गज तारेवरून उड्या मारायचा. मला कोणी काही बोललं नाही. ओत्मारने फक्त कार्यक्रमांतून संथ रचना एकेक करून काढल्या. एका हंगामात तर आम्ही असे धावत होतो की क्विडो म्हणाला, "काय, शेवटची ट्राम चुकणार आहे का?" तेव्हा मला उमगलं की ही सगळी धावाधाव माझ्यासाठी आहे. मी आपण होऊन चौकडीतून उठलो. वाटलं होतं, निदान एक हंगाम तरी खुर्ची रिकामी राहील. लोक घरात माणूस गेलं की तेवढं पाळतात. पण उन्हाळा संपायच्या आत तू तिथे बसलीस, आणि तू बसलीस आणि संथ रचना परत आल्या. रेडिओवर जाहीर झालं तेव्हा मी भांडी पुसत होतो. ब्लाजेनाने माझ्या हातातली बशी काढून घेतली.

तुझ्यावर मी किती जळतो हे तुला कळावं म्हणून एक गोष्ट सांगतो. ती लहान आहे, पण मला तीच सगळ्यात जास्त बोचते. आमच्यात नियम होता की दौऱ्यावर कोणी एकत्र जेवायचं नाही. आगगाडीत चार डब्यांत चौघं, हॉटेलात चार टेबलांवर चौघं. नियम ओत्मारचाच. म्हणायचा, वाजवताना आपण एकमेकांच्या श्वासात असतो, निदान चावताना तरी नको. कितीतरी चौकड्या अशाच मोडल्या, कोणी सूप पिताना आवाज करतो एवढ्यावरून. म्हणून मी निम्म्या युरोपात एकट्याने जेवलो, भिंतीकडे तोंड करून. आणि मध्यंतरी क्विडोने फोनवर, मुद्दाम, मला डिवचायला सांगितलं की हल्ली सगळे एकाच टेबलावर बसतात आणि ओत्मार तुला पाव कापून देतो. पाव! ओत्मारने मला कधी मीठसुद्धा सरकवलं नाही. मी क्विडोला म्हटलं, तिला दात नाहीत का? तो इतका हसला की त्याला खोकला लागला.

माझा नामदिन, म्हणजे माझ्या नावाच्या संताचा दिवस, ऑक्टोबरातच येतो. त्या दिवशी आमच्याकडे लोक न बोलावता येतात, तसे ते तिघंही आले. ब्लाजेनाने डुकराचं मांस आणि कोबी केला होता, क्विडोने गावाकडची प्लमची दारू आणली होती. नियम आता सुटलाच आहे, तेव्हा चौघं एका टेबलावर बसलो. पण ते कशासाठी आलेत हे मी ओळखलं होतं. फेब्रुवारीत चौकडीला पन्नास वर्षं होतात, तेव्हा ब्लाहाची चारही वाद्यं एकत्र वाजायला हवीत, असं ओत्मार हळूहळू वळसे घेत सांगू लागला. मी दुरुस्तीचं पुन्हा सुरू केलं. फळी उकललीय म्हणालो. क्विडो कोबी चावता चावता म्हणाला, "फळी नाही रे, वेंडाच उकललाय. त्यालाच सरस लावून दाबून ठेवा." सगळे हसले, ब्लाजेनाही हसली. हिनेक तसा कधी काही बोलत नाही, तो मात्र हसला नाही. तो म्हणाला, "नको असेल तर राहू द्या. म्हाताऱ्याला हेवा वाटून घ्यायचा हक्क आहे." मला त्यानेच आग लागली. मी उठलो, कोचाखालून पेटी ओढली आणि टेबलावर कोबीच्या शेजारी ठेवली. म्हटलं, मला कोणाचा हेवा वाटत नाही. ओत्मार, येत्या शनिवारनंतरच्या शनिवारी ये आणि घेऊन जा, तोवर पुसूनबिसून ठेवतो. ओत्मारने माझा हात हातात घेतला. थरथरणारा, उजवा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि मला वाटलं, हा हात माझ्यासाठी नाही, त्या मुलीसाठी, तुझ्यासाठी धरलाय.

शब्द दिला होता, पण देण्याआधी तुला एकदा तोंडघशी पडलेलं बघावं अशी इच्छा होती. खरं तेच लिहितो. म्हणून गेल्या आठवड्यात मठाच्या जुन्या भोजनगृहात तुमचा कार्यक्रम होता तिथे मी आलो. तिकीट काढून आलो. ब्लाहा चौकडीचं तिकीट मी जन्मात पहिल्यांदा काढलं. टोपी मांडीवर ठेवून खांबाआड बसलो. पुढच्या बाईने खोकल्याच्या गोळीचा कागद इतका वेळ सोलला की तिच्या हातातून ती गोळी घेऊन मीच खावी असं वाटलं. मला खात्री होती की तुझं व्हायोलिन वेगळं ऐकू येणार. तुझ्या आजोबांचं, कुठल्या कारागिराचं कोण जाणे, आवाज जाडसर, खेड्यातला. तीन भावंडांत ते परकं दिसणार आणि सगळ्या सभागृहाला कळणार की इथे कोण नाही ते.

आणि ते वेगळंच ऐकू आलं. आमच्या नेहमीच्या रचनेच्या दुसऱ्या, संथ भागात ओत्मार एक धून म्हणतो आणि नंतर दुसरं व्हायोलिन तीच धून खालच्या पट्टीत म्हणतं. ती मी किती वेळा वाजवली असेन! माझ्या हातून ती ओत्मारच्या सावलीसारखी यायची. लोकांना वाटायचं की ओत्मारचाच सूर भिंतीला लागून परत आलाय. तुझ्या हातून ती आली तेव्हा पडसाद नव्हता, उत्तर होतं. एखाद्याने काही विचारावं आणि दुसऱ्याने थोडं थांबून, आपल्या आवाजात, "हो, पण..." म्हणावं तसं. आणि ओत्मारने मान वळवून तुझ्याकडे बघितलं. अपोलेना, तो माझ्याकडे कधीच वळला नव्हता. वळायला तिथे काही नव्हतंच. मी टोपी इतकी दाबली की तिची कड मोडली. टाळ्या संपायच्या आत बाहेर पडलो आणि ट्राम सोडून घरापर्यंत चालत आलो. पाय ओले झाले, आता घसा धरलाय. ब्लाजेना विचारत होती कशी वाजवते पोरगी. मी म्हटलं, बरी.

तेव्हापासून मी एकच विचार करतोय. ब्लाहाने ती चार वाद्यं एका खोडातून केली, तेव्हा दुसरं मुद्दाम पहिल्याची सावली म्हणून केलं असलं पाहिजे. ते ऐकू न यावं हाच त्याचा गुण. तू ते हातात घेतलंस की तुझं ते "हो, पण" जाईल. पन्नास वर्षांच्या समारंभात चार भावंडं एकत्र बसतील, वर्तमानपत्रवाले पुन्हा लिहितील की एकच वाद्य ऐकू येतं, आणि तुझ्याबद्दल काही लिहिणार नाहीत. एवढं मला कळलंय. पण हे मी ओत्मारला सांगायला गेलो तर तो काय म्हणेल? वेंडा द्यायला तयार झाला आणि आयत्या वेळी पुन्हा कुरकुरला. क्विडो सरसाचा डबा घेऊन येईल. आणि त्यांचंही चूक नाही. ते व्हायोलिन माझ्याकडे राहावं असं मला वाटतंच. यातलं किती तुझ्यासाठी आणि किती माझ्यासाठी, हे मी निवडायला बसलो, पण तांदळातून खडे निघतात तसं ते निघत नाही.

म्हणून हे पत्र. परवा शनिवारी ओत्मार येईल, मी काही न बोलता पेटी त्याच्या हातात देईन, आणि सोमवारी तालमीला तो ती तुला देईल. तेव्हा तू नाही म्हण. कारण विचारलं तर सांग की हाताला बसत नाही. व्हायोलिनवाल्याच्या हाताशी कोणी वाद घालत नाही, ओत्मारही नाही. एक संध्याकाळ तिघं तुझ्यावर रागावतील, ती सोस. माझं नाव काढू नकोस. पण वाजवून बघितल्याशिवाय नाही म्हणू नकोस, ते मला चालणार नाही. तू मागायला आलीस त्या दिवशी, तू गेल्यावर, मी त्याच्यावर मेलेल्या, गंजलेल्या तारा चढवून ठेवल्या होत्या, कधी तुझ्या हाती पडलंच तर वाईट वाजावं म्हणून. आज त्या काढून नव्या बसवल्या. या हाताने सगळी सकाळ गेली, एक तुटलीसुद्धा. आता ते जितकं चांगलं वाजू शकतं तितकं वाजेल. तो संथ भाग वाजव आणि ऐक. ते सावलीसारखंच वाजलं तर परत पाठव, म्हणजे मला कळेल की दोष लाकडाचा होता, माझा नव्हता. आणि तुझ्या हातात तेही उत्तर द्यायला लागलं, तर ठेवून घे, ते तुझंच. मात्र मग मला खरं सांगू नकोस. एवढंच कळव की मास्तर, तारा फार चांगल्या निघाल्या.

तुझाच,
वेंडेलीन